पप्पांच्या गळ्यातले बूट

"पप्पा, तुम्ही गेल्या श्रावणात वारलात ना? मग नंबर घ्यायला रांगेत कसे?"

हे विचारायची पैज माझ्या मैत्रिणींनी, तस्नीम आणि विभावरीनं लावली होती. मी काय घाबरते! धावण्यात जिल्ह्यात तिसरी आलेय मी. सरळ रांगेत जाऊन विचारलं.

पप्पा डोक्यापासून पायापर्यंत ओले होते. "धावायचं तर नंबर नको का?" म्हणाले. त्यांना कोरा कागद मिळाला. तो छातीला लावून ते माझ्या पाठीवर बसले. गेल्या पुरात गल्लीतली एकवीस माणसं त्यांनी अशीच पाठीवर घेऊन शाळेत पोचवली होती. म्हणून तर ही दौड होती. त्यांच्या नावानं गल्लीसाठी होडी घ्यायची होती.

"जड आहे का गं मी?"

"छे!"

माईकवर देसाई सर सांगत होते, "चंपाक्का घरात अडकल्यात असं वाटून आपले रावसाहेब परत पाण्यात गेले, ते आलेच नाहीत." चंपाक्का समोरच खुर्चीत बसल्या होत्या, तोंडाला पदर लावून. त्यांना बचावपथकाच्या होडीनं आधीच नेलं होतं. तेव्हापासून त्या एकवेळच जेवतात. "माझ्यापायी गेलं लेकरू," म्हणतात.

शिट्टी वाजली.

आमच्याकडं भिंतींवर प्रत्येक पुराची रेघ रंगवतात, शेजारी साल. मी धावायला लागले तशी गेल्या वर्षीची रेघ भिंतीवरून सुटली आणि माझ्याबरोबर निघाली. तिच्याखाली पाणी होतं. बाकी सगळे कोरड्या रस्त्यावर होते, तस्नीमच्या टाचांमागं तर धूळ उडत होती. माझ्या गुडघ्याला पाणी लागलं.

"पाय उचल की गं, जिल्ह्यात तिसरी!" ती ओरडली.

प्रत्येक वळणावर शाळेची तीच पायरी येत होती. पायरीवर गेल्या वर्षीची मी बसले होते, कोरडी, हातात बिस्किटाचा पुडा. पहिल्या वळणावर ती लाडात म्हणाली, "पप्पा, माझे बूट माडीवरच राहिले." दुसऱ्या वळणावर म्हणाली, "नवे आहेत ओ. सोमवारी निवड आहे." तिसऱ्या वळणाला मी कान झाकले, तरी ऐकू आलं. "जा ना पप्पा, प्लीज."

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

पाणी छातीला आलं.

"आता जड आहे?"

"हो."

माझ्या छातीवर काहीतरी आपटत होतं. पप्पांच्या गळ्यात नाड्या बांधून बूट अडकवले होते, ते माझ्या खांद्यावरून पुढं लोंबत होते.

"वर धरून आणले," पप्पा म्हणाले. "हात घालून बघ. आतून कोरडे आहेत."

मी हात घातला. कोरडे होते.

"आणि चंपाक्का किती जड होत्या?" मी विचारलं.

"तिला मी कधी उचललं?"

शेवटची रिबीन स्टेजपाशीच होती. मला ती पाण्याखाली दिसली. आई टॉवेल घेऊन उभी होती.

"एवढी कशानं भिजलीस गं?" तिनं विचारलं. मग माझ्या पाठीकडं बघितलं आणि टॉवेलची दुसरी बाजू उलगडली.

मागं चंपाक्का खुर्चीतून उठत होत्या. लोक त्यांना पप्पांच्या फोटोला घालायच्या हाराचं ताट देत होते आणि त्या दोन्ही हातांनी नको नको म्हणत होत्या.

पाणी हनुवटीला लागलं. मी पप्पांच्या गळ्यातून बूट काढले, दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरले आणि स्टेजची पहिली पायरी चाचपली.

"आई," मी म्हणाले, "पप्पा कशासाठी परत गेले, हे मी आता माईकवरून सांगणार आहे."