न टेकणारा दात

"मास्तर, हा दात टेकतोय," डॉक्टरबाई म्हणाल्या. खुर्चीत बसलेल्या मुलीला त्यांनी निळा कागद चावायला दिला होता आणि नव्या दाताच्या टोकाला निळा ठिपका उमटला होता.

"टेकणारच," मास्तर दारातून म्हणाले. "तेहतीस वर्षं दात बनवतोय. माझा वरचा दात खालच्याला भेटला नाही, असं कधी झालंय?"

"आज भेटायचं नव्हतं त्यानं. चिठ्ठीत लिहून पाठवलं होतं मी."

पाठवलं होतं खरं. मास्तरांनी ती चिठ्ठी दोनदा वाचलीही होती. शहरातले निम्मे दवाखाने त्यांच्या लॅबमध्ये दातांची मापं पाठवत. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेले सहाजण आज स्वतःच्या लॅब चालवत होते, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. जबड्यात पेच बसवला की हाडाला तो पक्का धरायला तीन महिने लागतात. तोवर वर लावलेला दात नुसता दाखवायचा, आखूड ठेवायचा, खालचा दात त्याला लागता कामा नये, हे त्या सहाजणांना मास्तरांनीच कान धरून शिकवलं होतं. त्यातल्या एकानं एकदा दात लांब ठेवला, तेव्हा त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. आणि आज स्वतःच शेण खाल्लं होतं.

"राहू दे ना बाबा. छान दिसतोय की," मुलगी म्हणाली. बोलताना हात आपसूक तोंडावर गेला.

त्या हाताला चार महिन्यांची सवय होती. चार महिन्यांपूर्वी मास्तर स्कूटर चालवत होते आणि मुलगी मागे बसली होती. कुत्रं आडवं आलं, मास्तरांनी कचकन ब्रेक दाबला आणि पोरीचं तोंड त्यांच्याच हेल्मेटवर आपटलं. समोरचा दात मुळासकट गेला. मास्तरांना साधं खरचटलंही नाही. तेव्हापासून ही मुलगी ओठ मिटून नाकातल्या नाकात हसायची. दोन दिवसांवर तिची नोकरीची मुलाखत आली होती आणि असल्या तोंडानं मी जाणार नाही, म्हणून ती हटून बसली होती. बापाला मात्र तिनं एका शब्दानं बोल लावला नव्हता, आणि मास्तरांना तेच जास्त लागत होतं.

म्हणूनच दुपारी तिचं माप समोर आलं तेव्हा दात आखूड करायला त्यांचा हात धजेना. दुसऱ्यांच्या लेकींना दिले तसले दात. पण आपल्या हेल्मेटनं रिकाम्या केलेल्या जागी अर्धामुर्धा दात कोणत्या तोंडानं द्यायचा?

"सकाळी पेच घट्ट बसला म्हणून आजच दात लावतेय मी," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता मऊ होता. "नाहीतर तीन महिने काहीच लावलं नसतं. हा असाच टेकत राहिला तर दर घासाला पेच हलेल. हाड धरणार नाही त्याला. मग सगळं पहिल्यापासून. मी घासू, की तुम्ही घासताय?"

"माझ्या कामाला दुसऱ्याचा हात नको," मास्तर गुरकावले आणि दात घेऊन मागच्या खोलीत गेले.

तिथल्या छोट्या यंत्रावर त्यांनी दात केसाकेसानं उतरवला. इतकं सुबक टोक स्वतःच्या हातानं घासून टाकताना त्यांचे डोळे भरून आले. पांढरी भुकटी उडाली असेल, असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

या वेळी ठिपका उमटला नाही. मुलीनं खालचा जबडा डावीउजवीकडे सरकवून पाहिला, तरी नाही.

तिनं आरसा हातात घेतला. "जरा आखूड आहे हो बाबा, शेजारच्यापेक्षा."

"आहे. तीन महिने त्यानं काहीही तोडायचं नाही." मास्तर घुटमळले. "पोरी, त्या दिवशी मी ब्रेक जरा..."

"बाबा, कुत्रं वाचलं ना? मग झालं तर."

मुलाखतीला ती गेली. ती नोकरी काही मिळाली नाही, पण पुढच्या महिन्यात दुसरीकडे मिळाली. घरी मास्तर मात्र जेवताना फौजदारासारखे तिच्या घासाघासावर नजर ठेवून असत. "तुम्ही जेवा की आता," ती वैतागायची. "तुमचं ताट वाळलं!"

तीन महिन्यांनी डॉक्टरबाईंनी जबड्याचा एक्स-रे काढला. हाडानं पेच गच्च धरला होता. मग मास्तरांनी पक्का दात बनवायला घेतला आणि एका दातावर चार दिवस घालवले. लॅबमधली माणसं एकमेकांकडे बघून हसली, पण तोंडावर बोलायची कोणाची छाती झाली नाही.

दात बसवायच्या दिवशी मास्तर आत गेलेच नाहीत. बाहेरच्या बाकावर कुठलंसं जुनं मासिक उघडून बसले, पान एकच. बऱ्याच वेळानं आत डॉक्टरबाई काहीतरी बोलल्या आणि पाठोपाठ मुलगी हसली. मोठ्यांदा, खळखळून, हाताची आडकाठी नसलेलं हसू. बाकावरच्या दोन पेशंटांनी माना वर केल्या.

दार उघडून नर्सबाई बाहेर आल्या. "मास्तर, आत चला. दात कसा बसलाय, बघून घ्या म्हणतात बाई."

मास्तरांनी मासिकाचं पान उलटलं. "बघायचं काय त्यात?" ते म्हणाले. "ऐकला की."