न दिलेली हाक

बेकरीतला पहिला धडा एकच होता: भट्टीतून तापलेला ट्रे घेऊन निघालं की "गरम आलं" अशी हाक द्यायची. दोन्ही लेकींना तो बापानेच शिकवला होता.

बाप थकला, तेव्हा त्याने कामगारांचे दोन गट केले आणि एकेक गट एकेका लेकीच्या हाती दिला. "जिचा गट सरस, ती पुढे बेकरी सांभाळेल. घासल्याशिवाय धार येत नाही," तो म्हणाला. माणूस मनाचा निर्मळ. पोरी तयार व्हाव्यात, एवढीच त्याची तळमळ.

माल वाढला, बाप सुखावला. पोरींनी मात्र एकमेकींशी बोलणं टाकलं. "आधी बोलेल ती हरली," असं म्हणून कामगार हसायचे.

एका सकाळी थोरली ट्रे घेऊन वळली. धाकटी पाठमोरी उभी होती. थोरलीने हाक दिली नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, धाकटीच्या उजव्या हाताची भाजलेली बोटं आता पूर्वीसारखी वळणार नाहीत.

बाहेरच्या बाकावर बापाने विचारलं, "एक शब्द निघाला नाही का गं तोंडातून?"

"ओठांवर आला होता, बाबा," थोरली म्हणाली. "वाटलं, मीच का आधी बोलू?"

बापाला रागावताही येईना. तो उठून आत गेला.

धाकटीने पट्ट्या बांधलेला हात चादरीखाली घेतला. "म्हणजे आता ताईच ना, बाबा?"

"अगं, दोघींचीच आहे ती बेकरी. देवाशपथ, दोघींची."

धाकटीने भिंतीकडे तोंड फिरवलं. थोरली दारापर्यंत आली होती. तिचा पाय काही आत पडला नाही.