सतरा वेळा ओढलेले कुलूप

मी एक जुने पितळी कुलूप आहे. आणि तुम्ही कोण? मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो, पण मला अजून तुमची खात्री पटलेली नाही. रागावू नका, संशय हा माझा धंदाच आहे. अलीगढच्या एका कारखान्यात माझ्या पोटात सात लिव्हर बसवले, तेव्हापासून मी आपल्या किल्लीशिवाय कुणाचे ऐकलेले नाही.

१९८० साली अहेरीच्या बाबूभाईंनी मला चंद्रपूरच्या बाजारातून आणले आणि आपल्या लाकडाच्या वखारीत, सागवानी फळ्यांच्या कोठीला लावले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे मी वाकड्या नजरेने पाहत असे. फळीवर हात फिरवणारे गिऱ्हाईक मला चोर वाटे आणि दारापाशी रेंगाळणारा गाडीवान त्याचा साथीदार. पण सर्वांत जास्त संशय होता तो जंगूवर.

जंगू हा गोंड म्हातारा ओंडके लोटायच्या कामावर होता. ओंडका आऱ्याच्या मोठ्या करवतीखाली जाण्याआधी तो त्याला हात लावून गोंडीत काहीतरी बोले. कधी कान लावून ऐकेसुद्धा. हमाल एकमेकांना डोळे मिचकावून हसत. मीही मनात म्हणे, याचे डोके फिरले आहे, एक दिवस हा कुणाच्या तरी अंगावर धावून जाणार.

चौकीदार गुणवंतराव मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडला. संध्याकाळी किल्ली फिरवली की तो मला ओढून पाही. एकदा, दोनदा, तीनदा. चार पावले गेला की परत येई आणि पुन्हा ओढे. जगात माझ्याइतकाच संशयी कुणी आहे, याचा मला अभिमान वाटे. बाबूभाई गिऱ्हाइकांना सांगत, चौकीदार असावा तर असा. एका पंधरा ऑगस्टला त्यांनी सर्वांसमोर त्याला शाल आणि नारळ दिला. त्यानंतर तो मला सतरा वेळा ओढू लागला. मध्येच मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. थंडीत त्याच्या बोटांची साल निघे आणि माझ्या कडीला रक्त लागे. मी मूर्ख, ती मला इमानाची खूण वाटे.

१९८४ च्या उन्हाळ्यात गुणवंतरावाच्या मुलीचे, सत्यशीलेचे लग्न होते. घर वखारीपासून दहा मिनिटांवर. मांडवात पाहुणे बसले, त्रिशरण-पंचशील सुरू झाले आणि वधूचा बाप माझ्यासमोर उभा! त्याची बायको कांताबाई धावत आली. पोरगी हार घेऊन उभी आहे, चला, म्हणाली. तो निघाला, फाटकापर्यंत गेला आणि मागे फिरला. तीनदा असेच झाले. चौथ्यांदा कांताबाई डोळे पुसत एकटीच गेली.

गावात लोक म्हणाले, काय इमानी माणूस, पोरीच्या लग्नातसुद्धा मालकाची कोठी सोडली नाही. सत्यशीला मात्र बापाशी एक शब्द न बोलता बल्लारपूरला सासरी निघून गेली. बाबाला माझ्यापेक्षा कुलूप प्यारे, एवढेच ती आईला म्हणाली होती. पुढे तिचे पत्र आले की त्यात बापाचे नाव नसे. गुणवंतराव ते पत्र खिशात ठेवून मला ओढत बसे.

दिवाळीच्या सुट्टीत बाबूभाईंची भाची खुर्शीदा आली. ती नागपूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवी. माणसाच्या डोक्याला किल्ली लावायची विद्या म्हणे. म्हणजे चोरच की, मी सावध झालो. बाबूभाईंना जंगूला कामावरून काढायचे होते. हा पागल आहे की नाही ते एकदा पाहून सांग, असे त्यांनी तिला सांगितले.

तिने दोन दिवस नुसते पाहिले. मग कोठीसमोरच्या फळ्यांवर बसून ती मामाला म्हणाली, चार लोकांपेक्षा वेगळे वागणे म्हणजे आजार नव्हे. नाहीतर अख्ख्या वखारीत एकटेच पान न खाणारे तुम्हीही आजारी ठराल. रीत सोडली म्हणावे, तर रीत गावागणिक बदलते. जंगूच्या गावात झाडाशी न बोलता कुऱ्हाड चालवणाराच विचित्र समजला जातो. पाहायचे ते हे, की माणूस जेवतो का, झोपतो का, त्याला काम होते का, चार माणसांत त्याचा जीव रमतो का, त्याच्यापासून त्याला किंवा दुसऱ्याला धोका आहे का. आणि सगळ्यात आधी, तो स्वतः आतून त्रासात आहे का. एका खुणेवरून ठरवू नये, सगळे मिळून पाहावे. जंगू पोटभर जेवतो, गाढ झोपतो, बाजारातून दुसऱ्यांसाठी तंबाखू आणतो. त्याला काय झाले आहे?

तेवढ्यात गुणवंतराव आला आणि मला ओढू लागला. खुर्शीदाबाई उठून त्याच्याजवळ गेली.

"भाऊ, याचा तुमाले त्रास होते का?"

चार वर्षांत हे कुणी विचारले नव्हते. मीही नाही. त्याचा हात माझ्या कडीवर तसाच राहिला.

"कुलूप लागलं आहे हे समजते बाई मले. डोक्याले समजते. हाताले नाई समजत."

"अन् नाई ओढलं तर?"

"छातीत आग लागते. वाटते, माह्या चुकीनं कोणाचं तरी वाटोळं होईन. पोरीच्या लग्नाले नाई जाऊ शकलो मी. लोकं शाबास म्हणून राह्यले होते अन् मी मरून राह्यलो होतो."

तो खाली बसला आणि रडला. बाबूभाईंनी मान खाली घातली. मला माझ्या अभिमानाची इतकी लाज कधी वाटली नव्हती. आम्ही दोघे सारखे नव्हतोच. मी दुसऱ्यांवर संशय घेतो आणि किल्ली फिरली की निवांत होतो. तो स्वतःवरच संशय घेत होता, आणि त्याला थांबवणारी किल्लीच नव्हती.

खुर्शीदाबाईने त्याला नागपूरच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी गोळ्या दिल्या आणि एक कठीण अभ्यास दिला. एकदाच ओढायचे, हात काढायचा आणि ती आग विझेपर्यंत समोर बसायचे. कुलूप लागले आहे, असा धीरही कुणी द्यायचा नाही. पहिल्या दिवशी तो दोन तास थरथरत बसला. हळूहळू ओढणे कमी झाले, पण पावसाळ्यात तो पुन्हा सात-आठ वेळांवर गेला. मी तर धरूनच चाललो होतो की हे जमणार नाही.

पुढच्या वर्षी सत्यशीलेला मुलगा झाला. बारशाच्या सकाळी गुणवंतरावाने मला लावले, एकदा ओढले आणि किल्ली चक्क जंगूच्या हातात दिली. माझ्या पोटातले सातही लिव्हर थिजले! फाटकाशी कांताबाई पिशवी घेऊन उभी होती. तिथे पोचल्यावर तो वळला. दोन पावले माझ्याकडे आला. कांताबाईने ओठ घट्ट मिटले होते. तिकडे एसटीने हॉर्न दिला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटले, नको येऊस बाबा, मला हात लावू नकोस.

तो गेला. बारशाहून तो चौथ्या दिवशी परतला. लेकीनेच आग्रहाने ठेवून घेतले होते. कोठीतली एक फळीसुद्धा हलली नव्हती.

आता कोठीला शटर आले आहे आणि मी खिळ्याला गंजत लटकतो आहे. माझी हरकत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात एखादा फार शिस्तीचा, फार गुणी म्हणून नावाजलेला माणूस असेल, तर त्याला शाल देण्याआधी जवळ बसून विचारा, तुला त्रास होतो का? माझ्या पोटात काय चालले आहे ते बाहेरून कळू नये, म्हणूनच मला तसे घडवले आहे. माणसाला तसे घडवलेले नाही. विचारा, आणि त्याचे सांगून होईपर्यंत उठू नका.