रेघ नसलेले ढग

संगणकाच्या पडद्यावरची पांढरी रेघ तिच्या बोटाला चिकटून आली — बाहीचा सुटलेला दोरा होता. त्याखालचे, उपग्रहाच्या फोटोतले ढग मात्र जसेच्या तसे, राखाडी, समुद्रभर पसरलेले, आणि त्यांत एकही रेघ नाही. ढगांवर फवारे मारणारं जहाज समुद्रात असतं, खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार वर सोडत असतं, तर त्याच्या मागोमाग ढग उजळत गेले असते. ती उजळ रेघ शोधायची, आणि तिच्यावरून परतलेल्या उन्हामुळे खालचं पाणी, हा तापलेला किनारा किती निवेल याचा अंदाज बांधायचा, हेच तर तिचं काम. आणि जहाजावर, पंपापाशी, तिचा मुलगा.

काल फोनवर म्हणाला होता, "आई, या आठवड्यातही जमत नाही गं. भर समुद्रात आहोत, फवारे रात्रंदिवस चालू आहेत."

तिने शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"जहाज होय? ते सोमवारपासून धक्क्याला आहे," ते मान वर न करता म्हणाले. "नळ्या तुंबल्यात. पोरांना सुट्टी दिलीय."

सुट्टी... धक्का तर घरापासून बसने जेमतेम तासभर. म्हणजे यायचं नाही म्हणून येत नव्हता. त्याचे बाबा गेल्यापासून घरातलं बोलणं म्हणजे जेवलास का आणि जेवलीस का — त्याला तरी तिथे काय करमणार, असं ती स्वतःला समजावत राहिली, आणि समजावता समजावता रागाने तिचे कान तापले. थाप मारायची तर दुसऱ्या कुणाला मारावी. दिवसभर ढगांच्या फोटोंत डोळे घालून बसणाऱ्या बाईला? मग तिच्या लक्षात आलं, की आपली आई ऑफिसात काय करते हे त्याला ठाऊकच नाही. त्याने कधी विचारलं नाही आणि... मीही कुठे सांगितलं? ते थापेपेक्षा जास्त लागलं.

संध्याकाळी तिच्या एकटीच्या स्वयंपाकघरात फोन वाजला. दिवसभर घोळवलेलं वाक्य ओठांवर तयार होतं.

"ढग आहेत का रे?" भलतंच विचारलं तिने.

"भरपूर. पांढरेफटक करून सोडलेत नुसते. तुझं काय, अजून टायपिंगच?"

तो हसत होता. किती दिवसांनी असा सैल, मोकळा... खरं सांगितलं तर भांडणार नाही, नुसता ओशाळेल, आणि पुढच्या वेळेपासून जपून बोलेल. जपून बोलणारं एक माणूस या घरात होऊन गेलं होतं.

"हो, तेच," ती म्हणाली. "आणि लाटा? लाटा कशा आहेत?"

तो रचून रचून सांगू लागला, आणि तिला — लाज वाटत होती तरी — त्याने थांबू नये असं वाटत होतं.