ठाण्याचा जिना

डंपरवाला कोठडीत मेला, तेव्हा फौजदार म्हणाला, "जिन्यावरून पडला." सगळ्यांनी माना डोलावल्या. टाचणीच्या मनात मात्र पाल चुकचुकली. ठाणं बैठं, त्याला जिना आला कुठून?

टाचणी ही गावातल्या एकुलत्या एक दैनिकाची बातमीदार. लिहिलेलं टोचायचं, म्हणून हे नाव पडलं. डंपरवाल्यानं नव्या शाळेच्या बांधकामावर सिमेंटऐवजी राख ओतली होती आणि चारचौघांत तसं बोलून बसला होता. बांधकाम नगराध्यक्षाचं. नगराध्यक्ष म्हणजे टाचणीच्या सख्ख्या ताईचा नवरा.

टाचणी डंपरवाल्याच्या बायकोकडे गेली. बाई बोलेना. "माझ्या पदरात लेकरू आहे."

"मी आहे ना तुझ्या पाठीशी!" टाचणी म्हणाली. मग बाई बोलली. नवऱ्याच्या पाठीवर पट्ट्याचे वळ होते, म्हणाली.

वळांची आणि नसलेल्या जिन्याची बातमी छापून आली आणि गावात हशा उसळला. ठाण्यासमोरचा शिंपी तर गिऱ्हाइकाचं माप घेता घेता म्हणे, "जपून हो, जिन्यावरून पडाल!"

भावोजींनी टाचणीला बोलावून घेतलं. रागावले नाहीत. "मेव्हणीबाई, तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय."

दुसऱ्या दिवशी ठाण्यामागे विटा येऊन पडल्या. भरदिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गवंड्यांनी गच्चीवर जाणारा जिना बांधला. वर चुना फासला, पायऱ्यांच्या कडा हातोडीनं फोडून जुन्या केल्या. टाचणी फोटो काढायला धावली, तर शिपायानं कॅमेराच फोडला.

मग वरून चौकशी अधिकारी ठाण्यात आला. शिंपी हात जोडून म्हणाला, "साहेब, माझं दुकान झालं त्याच्या आधीपासून आहे हा जिना." संपादकांनाही तो लहानपणापासून आठवत होता. टाचणी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. डंपरवाल्याची बायको येईपर्यंत तिला धीर होता.

बायको आली. पोर तिच्यासोबत नव्हतं. ते सकाळपासून नगराध्यक्षांच्या घरी, ताईपाशी खेळत होतं.

"वळबिळ काही नव्हते," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "या बाईंनी मला पढवलं."

टाचणी तिच्याजवळ गेली, तशी ती अंगावर आली. "तुमचं काय गेलं हो? माझा नवरा मेलाच होता. पोर तरी ठेवायचं होतंत मला!"

खोटी बातमी दिली म्हणून टाचणीला तिथंच धरलं. फौजदारानं दंडाला धरून मागं नेलं. "या, स्वतःच्या डोळ्यांनी बघा." वरच्या पायरीवर पोहोचल्यावर त्यानं हात सोडला आणि पाठीत लाथ घातली.

खुब्याचं हाड मोडलं. पुन्हा धड चालता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. वर्तमानपत्रात आतल्या पानावर दोन ओळी आल्या: आमच्या माजी बातमीदार पाय घसरून पडल्या.

ताई दवाखान्यात आली. उशाशी बसून संत्रं सोलू लागली.

"ताई, आपण दोघी रोज त्या ठाण्यावरूनच शाळेत जायचो गं. होता का तिथं जिना?"

ताईनं एक बी काढून टाकली, फोड तिच्या तोंडाशी धरली. "मेलीस नाहीस हेच नशीब समज. हे म्हणत होते, दवाखान्याचं सगळं आपण बघू."

टाचणीनं तोंड मिटून घेतलं. ताईनं फोड तिच्या ओठांवर तशीच दाबून धरली, रस हनुवटीवरून ओघळेपर्यंत.

"खा," ताई म्हणाली. "उगाच हट्ट नको."

टाचणीनं तोंड उघडलं.