कोटातला पुंजा

"माझ्या दुकानातून आजवर एक निगेटिव्ह हरवली नाही!" असं म्हणत हिरामणने माळ्याला थाप मारली, आणि माळाच खाली आला. वीस वर्षांतली देवळाली कॅम्पातली तोंडं बिस्किटांच्या डब्यांतून सुटली आणि फोटोग्राफरसाहेबांच्या टकलावर बरसली.

"घ्या!" त्याचा मुलगा अमोल म्हणाला. स्टुडिओत कॉम्प्युटर यायचा होता, त्याला जागा हवी होती. दोन डबे ठेवायचे, उरलेलं भंगारात. "लग्नं ठेवा, अण्णा. पासपोर्टवाल्यांना कोण विचारतंय?"

"लग्नाचे अल्बम घरोघर असतात रे. पासपोर्टवाल्याचा जन्मात एकच फोटो."

तेवढ्यात दारात बयाबाई. पेठकडची म्हातारी.

"भाऊ, उद्या माझ्या लेकाचा, पुंजाचा दहावा. घरात फोटो नाय एकबी. कॅम्पात माळीकामाला व्हता, गेटच्या पासाला तुमीच काढलाता."

"तो पास कुठंय, मावशी?"

"खिशात ऱ्हायला. त्याच्यासंगं जळाला."

हिरामणने एक डबा पुढ्यात ओढला. मग म्हणाला, "कपडे कुठले होते?"

"कोट. न् टाय."

अमोल कपाळ धरून बसला. स्टुडिओत कोट एकच. भाजीवाल्यापासून हमालापर्यंत सगळा कॅम्प तोच घालून बसलेला!

हिरामणने फतकल मारली आणि एकेक पट्टी ट्यूबलाइटसमोर धरायला लागला. बयाबाईही डोकावली. "अगं बया, हे तर समदेच म्हातारे!"

"निगेटिव्हमध्ये काळे केस पांढरे दिसतात, मावशी."

दुपारचा डबा तसाच राहिला. दिवेलागणीला पुंजा सापडला. हिरामणने लगेच फोटो छापून दिला. ताठ मान, घाबरलेले डोळे.

"ह्यो नाय," बयाबाई म्हणाली.

"अहो, पट्टीच्या कडेला शाईनं नाव लिहिलंय!"

"असंल. पर त्यो असा कवाच दिसला नाय."

त्याच पट्टीवर पुढचा फोटो होता. "तो बिघडलाय," अमोल म्हणाला. हिरामणने तोही छापला. स्टुलाचा पाय मोडलेला, टाय खांद्यावर, पुंजा पडता पडता खदखदून हसतोय.

बयाबाईने पदर तोंडाला लावला. "ह्यो. ह्योच माझा."

पैसे घ्यायचं हिरामणच्या लक्षातही आलं नाही. म्हातारी गेल्यावर तो डबे भरायला बसला. पासपोर्टवाले सगळे ठेवले, बिघडलेले आधी. लग्नांची पोती बांधली.

सकाळी भंगारवाला ती घेऊन गेला. त्यात अमोलचंही लग्न होतं. अल्बम मागेच वाळवीनं खाल्ला होता.