समाधानाची पाहणी

१९९२च्या हिवाळ्यात शैलजा सिल्वासाला आली. नाशिकच्या कॉलेजात ती मानसशास्त्र शिकवायची आणि कारखान्यातल्या कामगारांचं कामातलं समाधान हा तिचा पीएच.डी.चा विषय होता. जवळच्या राखोलीच्या धागा कारखान्याचे मॅनेजर प्रमोद पुण्याचे. त्यांनी लगेच परवानगी दिली. अट एकच, पहिल्या निष्कर्षांची प्रत त्यांना द्यायची. बसायला त्यांच्या केबिनशेजारची एसी खोलीही दिली.

सुपरवायझर एकेकाला आत पाठवू लागला. सगळे केस विंचरून आलेले, शर्टाची वरची बटणं लावलेले.

"कामात समाधान आहे का?" तिने चिंधाला विचारलं.

"नाही मॅडम," चिंधा घाबरून म्हणाला, "समाधानची आज सेकंड शिफ्ट. बोलावू का त्याला?"

तेव्हापासून ती "कामावर खूश आहात का?" असं विचारू लागली. सगळे खूश होते. मशीनजवळ उकाडा? नाही. आवाज? सवय झाली. साहेबांचा राग येतो का? छे! खानदेशातून आलेल्या नवनाथने तर प्रश्नांच्या कागदावर पेन्सिल टेकवून विचारलं, "कोनतं लिखू, तुमीच सांगा ना."

एवढं सुख पाहून शैलजाला शंका आली. कामगार बोलते झाले तर घरीच होतील, असा विचार करून रविवारी ती डोकमर्डीला त्यांच्या खोल्यांवर गेली. आणि तिथे कुणीच खूश नव्हतं. उकाड्याने जीव जातो, सुपरवायझर शिव्या देतो, नळाला पाणी नाही, घरमालक लाईट कापतो. "रेशन कार्डाचंही तेवढं घ्या," चिंधा म्हणाला.

"पण परवा तर तुम्ही..."

धाग्याच्या मशीनवर काम करणारी मंगला दारात उभी होती. ती म्हणाली, "ताई, ऑफिसात तुम्ही कंपनीच्या वाटलात. माणसं कमी करणार अशी बातमी होती ना. आता घरापर्यंत आलात, म्हणजे सरकारच्या असणार."

शैलजाने हात जोडले. "मी कुणाचीच नाही. हे फक्त माझ्या अभ्यासासाठी आहे. यातून तुमचं भलं होणार नाही आणि नुकसानही होणार नाही."

मग कुणाला भाजी आणायची आठवण झाली, कुणाला झोप आली. बघता बघता ओटा रिकामा झाला.

मंगला तेवढी जवळ येऊन बसली. "काहीच होणार नसेल तर मी बोलते. उकाडा लई आहे, अंग भाजतं. पण मशीनचा आवाज मला आवडतो. आठ तास सासूचा आवाज कानात येत नाही."

आवाजाचा प्रश्न शैलजाने त्रासांमध्ये धरला होता. मंगलाचं उत्तर कुठे मांडावं हे तिला कळेना.

प्रमोदना प्रत तिने आधीच दिली होती, ऑफिसातल्या उत्तरांची. सोमवारी ते उठून तिच्यासमोर आले. "तुमचा अभ्यास फार उपयोगी पडला हो! एक्झॉस्ट पंखे बसवायचा प्रस्ताव होता. उकाड्याचा त्रास कुणालाच नाही म्हटल्यावर मुंबई ऑफिसने रद्द केला."

"सर, ती उत्तरं खरी नाहीत. लोक घाबरले होते."

"आकडे तुमचेच आहेत ना?" प्रमोद सौम्यपणे म्हणाले. "आणि हे लोक घाबरले होते, हे कुणी सांगितलं?"

मंगलाचं नाव तिच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं.

संध्याकाळी ती डोकमर्डीला गेली. सगळे जमले. तिने मान खाली घालूनच सांगितलं, "माझ्यामुळे तुमचे पंखे गेले. नुकसान होणार नाही, असं काल म्हणाले ते चुकलं."

"पंखे गेले," नवनाथ म्हणाला. "आनि मान्सं?"

"माणसं?"

"कमी करनार होते ना? कोनाला काढलं?"

"नाही. तसं काही म्हणाले नाहीत."

नवनाथने मोठा श्वास सोडला. चिंधाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "मंग बराबर लिखलं आपन!" नवनाथ हसत म्हणाला आणि आत वळून ओरडला, "चहा टाका रे, मॅडमला चहा टाका."

मंगलाने शैलजापुढे पाट सरकवला.